शहजादीचाचीचं सहावं बोट

मी रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पट्ट्यावरून पार्ट येतात आणि मापात नसलेला पार्ट मी उचलून लाल खोक्यात टाकते. घरी आले तरी नजर तशीच राहते; नवरा म्हणतो, तुझ्यापुढं जेवायला बसायची भीती वाटते. पण माणसाला कुणी लाल खोक्यात टाकलं की माझं डोकं फिरतं. माझं नाव नकुशी. चौथीही मुलगीच झाली म्हणून ठेवलेलं. मध्ये असल्या नावाच्या पोरींची नावं बदलून द्यायची टूम निघाली, तेव्हा आई म्हणाली, ऐश्वर्या घे. मी नाही घेतलं. ज्यांनी ठेवलं त्यांना हाक मारताना मरेपर्यंत लाज वाटू दे.

ही रागाची विद्या मला शिकवली आमच्या समोरच्या घरातल्या शहजादीचाचीनं. मणेरांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं आमचं गाव आहे, आणि गावातली एकही बाई अशी नाही जिचा हात चाचीनं हातात धरलेला नाही. लांबून चालत येणाऱ्या बाईचं माप ती उंबऱ्यात बसून सांगते. कुणाचा हात लोण्यासारखा मऊ, कुणाचा खुरप्यानं कडक झालेला, कुणाच्या मनगटावर नवऱ्याच्या बोटांचे वळ, हे सगळं तिला माहीत असतं, आणि वळ दिसले तर ती त्या नवऱ्याला भर चौकात गाठते.

एकदा ग्रामपंचायतीच्या सभेत एक मेंबर दुसऱ्याला म्हणाला, "जमत नसंल तर बांगड्या भरा हातात." चाची मागून उठली आणि म्हणाली, "या की भरायला. लगीनघाईच्या दिसांत दोन डझन भरते तुमच्या ह्या पंजात. रडला न्हाईत तर नाव बदलते माझं." सभा तिथंच संपली. माझ्या बारशाला काळ्या मनगट्या घालायला चाचीच आली होती. नाव ऐकल्यावर तिनं भर बायकांत माझ्या आजीला विचारलं होतं, "नको झाली व्हय? मग मला द्या. मी नेते घरी." आजीनं म्हणे पुढचं वर्षभर तिच्याकडून बांगड्या भरल्या नाहीत.

चाचीच्या उजव्या हाताला, करंगळीच्या बाहेरच्या अंगाला, जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक पांढरा वण आहे. तिथं जन्मापासून एक सहावं बोट होतं. इवलंसं, पण नखासकट. तिची अम्मी म्हणायची, अल्लानं मोजताना हात सैल सोडला. शाळेतली पोरं सहाबोटी म्हणून चिडवायची आणि चाची त्याच हातानं त्यांना कानफटवायची. लग्न ठरलं दौंडच्या मणेरांत. सासू बघायला आली, हात पाहिला आणि म्हणाली, पोरगी चांगली आहे, पण दुकानात गिऱ्हाईक हे बोट बघून दचकंल. नव्या नवरीला पहिला चुडा भरणारा हात असा असून चालत नाही. झालं. निकाहाच्या आधी दौंडलाच एका डॉक्टरकडं नेऊन बोट कापून टाकलं. बापानं तिला विचारलं नाही, सासूनं विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढं तरणाताठा नवरा गेला, दिरांनी दुकान घेतलं, आणि चाची एक ट्रंक घेऊन परत गावात आली. बोट मात्र दौंडलाच राहिलं.

आता पिच्चरचं सांगते, कारण सगळी आग तिथंच लागली.

चाची शाळेत होती तेव्हा इनामगावला खोदकाम चालू होतं. हजारो वर्षांपूर्वीची घरं, रांजण, सांगाडे निघत होते. त्या खोदकामाच्या निमित्तानं पुण्याचे बेहेरे म्हणून गणिताचे एक मास्तर इकडं येत. त्यांच्याकडं कॅमेरा होता आणि डोक्यात एक किडा होता: खेड्यातल्या मुलांना चौथी मिती समजावणारा छोटासा पिच्चर काढायचा. त्या काळी मुलांना शिकवायला पिच्चर काढणं हेच मुळात नवल, त्यात विषय हा. आमच्या शाळेला नुकताच चुना दिला होता आणि गुऱ्हाळाची एक काहील पलीकडंच पडून होती. मास्तरांनी काहिलीत चुन्याचं पांढरंफेक पाणी भरलं, शिडीवर चढून कॅमेरा सरळ खाली लावला.

पिच्चरमधली गोष्ट साधी आहे. पाण्यावर तेलाचा तवंग असतो तशी सपाट माणसं आहेत असं समजा. त्यांना लांबी कळते, रुंदी कळते. वर आणि खाली म्हणजे काय, हे मात्र त्यांना ठाऊकच नाही. त्यांच्या जगात एक दिवस खालून हात येतो. त्यांना हात दिसत नाही. त्यांना दिसतात पाच गोल ठिपके, एकमेकांची ओळख नसलेले. ठिपके मोठे होतात, मग एकमेकांना चिकटतात, मग एकच मोठा आकार होतो. सपाट माणसं म्हणतात, पाच परके आले आणि एक होऊन गेले. हात एकच होता हे त्यांना जन्मात कळत नाही. मग मास्तरांचा आवाज म्हणतो, मुलांनो, आपल्यालाही तीनच दिशा कळतात. चौथी असेल तर आपल्यालाही सगळं असंच कापून कापून दिसत असेल. कुणी म्हणतं ती चौथी दिशा म्हणजे काळ. कालचं गेलं असं आपण म्हणतो, पण ते गेलेलं नसतं, आपल्या पाण्याच्या पातळीखाली असतं.

सुरुवातीला हसून नमस्कार करायला पाटलांची सुलक्षणा घेतली होती. शाळा तिच्या बापानं काढलेली, पोरगी गोरी, रिबिनी नव्या. पण चुन्याच्या पाण्यात हात घालायची वेळ आली तेव्हा तिच्या घरचा गडी पुढं आला आणि म्हणाला, "बाईसाहेबांची कातडी जाईल." मग कुणाची गेलेली चालेल? मणेराची. शहजादीला वर्गातून बोलावलं. मास्तर म्हणाले, ते जास्तीचं बोट तळव्याशी दुमडून धर. कोपरापर्यंत हात चुन्यात, खालून हळूहळू वर आणायचा. चुकलं की परत. चुना झोंबायला लागला, हात लाल झाला, आणि शेवटच्या खेपेला ते सहावं बोट सुटलं. मास्तरांचं रीळ संपलं होतं. तोच तुकडा राहिला. चाचीच्या हाताची सालं कितीतरी दिवस निघत होती आणि अम्मी खोबरेल लावून शिव्या देत होती. पिच्चरच्या पाटीवर नाव आलं: कुमारी सुलक्षणा.

एकदा मी चाचीला विचारलं, बोट खरंच सुटलं होतं का? ती म्हणाली, "समद्यांना सुटलं म्हनून सांगितलं. मीच सोडलं. म्हनलं, ते पन माझंच हाय, ते का लपून ऱ्हाईल?"

पिच्चर शाळेत एकदोनदा दाखवला आणि रीळ कुठंतरी गडप झालं. बेहेरे मास्तर वारले. ठिपके कुणी मोजले नव्हते, पाटीवरचं नाव मात्र सगळ्यांनी वाचलं होतं. चाची सांगत राहिली आणि गाव हसत राहिलं. पुढं पुढं तर ती म्हणच झाली. कुणी बाता मारायला लागला की लोक म्हणत, "व्हय, आन् मणेरचाची पिच्चरमधी व्हती!" हे मी लहानपणापासून ऐकत आले. चाची ऐकायची आणि दात आवळून बांगड्यांवरची धूळ पुसायची.

मागच्या वर्षी शाळेचा अमृतमहोत्सव ठरला. जुनी इमारत रिकामी करताना रिळाचा डबा सापडला. संस्थेचे अध्यक्ष संपतआबा, म्हणजे सुलक्षणाचे थोरले भाऊ. त्यांचा नातू सार्थक पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. त्यानं रीळ नेऊन मोबाईलवर बघता येईल असं करून आणलं आणि हौसेनं एक तुकडा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मी कंपनीच्या बसमध्ये होते. पांढऱ्या पाण्यात ठिपके उगवले. मी सवयीनं मोजले. सहा. परत लावलं. सहा. मी बसमध्ये मोठ्यानं ओरडले, तसा ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

चाचीला दाखवलं तेव्हा तिनं आधी चष्मा पुसला. मग बघितलं. एक ठिपका बाकीच्यांपासून जरा बाजूला, सगळ्यात लहान. तिनं डाव्या हाताचं बोट उचलून त्या ठिपक्यावर ठेवलं, तसा व्हिडिओ थांबला. "थांबलं ते बरं झालं," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हंजी बोट गेलं न्हाई नकुशे. हितनं दिसत न्हाई, एवढंच." आणि ती रडली. चाचीला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि मला त्याचाही राग आला.

तिला काय हवं होतं? शाल नको, नारळ नको. एवढंच, की माईकवरून कुणीतरी म्हणावं, हात शहजादी मणेरचा होता. गावानं जन्मभर थट्टा केली ती गावापुढंच मिटावी. आम्ही दोघी आबांकडं गेलो. आबा पडवीत पेपर वाचत होते.

"आबा, माझं नाव घ्या म्हनते मी, एवढंच," चाची म्हणाली.

"अगं, पत्रिका छापून झाल्यात शहजादी. सुलक्षणाचा सत्कार ठेवलाय. आता मधीच हे कुठं?"

"छापू दे की. तोंडानं बोलायला काय लागतंय?"

आबांनी पेपरची घडी घातली. "हे बघ, पिच्चरमधल्या हाताला सहा बोटं दिसत्यात. तुझी हाईत पाच. उद्या कुणी इचारलं तर मी काय सांगू?"

चाचीनं वण पुढं केला. आबा म्हणाले, "वण काय, इळ्यानंबी पडतो." आणि वर म्हणाले, "बघू." आमच्याकडं पुढाऱ्याचं बघू म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आबांच्या शाळेतच चाची शिकली, आबांनी ते बोट डोळ्यांनी पाहिलेलं. सहाबोटी म्हणून चिडवणाऱ्यांत तेही होते आणि त्यांनीही त्या हाताची चव घेतली होती. आता म्हणे, विळ्यानं पडतो! मी तिथंच तोंड सोडणार होते, पण चाचीनं माझं मनगट दाबलं. ती दाबते तेव्हा कळ डोक्यात जाते.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी सुलक्षणाताई पुण्याहून आल्या आणि माहेरच्या रिवाजाप्रमाणं बांगड्या भरायला चाचीकडंच आल्या. मी रजा काढून तिथंच बसले होते. चाचीनं त्यांचा हात हातात घेतला, चेपला, हिरव्या बांगड्या एकेक करून चढवल्या. सुलक्षणाताई वाईट बाई नाहीत. तेच तर चीड आणणारं आहे. त्या हळूच म्हणाल्या, "शहजादी, तुझा हात किती सोलला होता गं तेव्हा. मला अजून आठवतं."

"मग आज सांगशील का?"

ताईंनी हातातल्या बांगड्या मागं सारल्या. मग म्हणाल्या, "आबांनी सगळं ठरवलंय. आता या वयात कशाला?"

आमच्याकडं बांगड्या भरून झाल्या की मणेरीण वर एक बांगडी फुकट भरते. ती आशीर्वादाची. ती भरली की बाई मणेरणीला नमस्कार करते, मग उठते. चाचीनं दोन्ही हात भरले आणि कापडानं हात पुसून बसली.

"वरची एक?" ताईंनी विचारलं.

"देते. कार्यक्रमात येऊन देते."

ताईंना तो मान वाटला. मला चाचीचा चेहरा दिसत होता, मला तसं काही वाटलं नाही.

दुपारी नव्या हॉलमध्ये गाव लोटलं होतं. दारं-खिडक्या लावून पिच्चर सुरू झाला. रिबिनीवाली सुलक्षणा हसली, टाळ्या पडल्या. मग पांढरं पाणी आलं. ठिपके उगवले. मी मोजले. पाच. बाजूचा तो लहान ठिपका नव्हता. तिथं नुसतं पांढरं पाणी होतं. मास्तरांचा आवाज म्हणाला, पाच परके आले. यावेळी पडदाही पाचच म्हणत होता.

दिवे लागले आणि सार्थक माईकवर आला. पोरगा खुशीत होता. "जुन्या फिल्ममधी एक डिफेक्ट होता. एक एक्स्ट्रा बोट दिसत होतं. एआयनं ते क्लीन केलं. आता एकदम परफेक्ट झालीय."

डिफेक्ट. तो शब्द माझ्या कंपनीतला आहे. लोखंडाला लावतात. मी दात खाऊन शेजारी बघितलं. चाची आपला तळहात उलटा करून वणाकडं बघत होती.

"दुसऱ्यांदा कापलं," ती म्हणाली, आणि उठली.

स्टेजवर सुलक्षणाताईंच्या अंगावर शाल घातलेली, दोन शब्द बोलायला एका हातात माईक दिलेला. चाची पायऱ्या चढली. पदराच्या गाठीतून तिनं हिरवी बांगडी काढली तेव्हा लोकांना वाटलं, वा, मणेरीण आशीर्वाद द्यायला आली. आबाही हसले. चाचीनं ताईंचा मोकळा हात धरला, चेपला, आणि बांगडी अंगठ्याच्या मुळापर्यंत सरकवली. तिथं थांबली. जी जागा सगळ्यात अवघड, जिथं काच पुढंही जात नाही आणि मागंही येत नाही, तिथं.

"आई गं," ताई म्हणाल्या. माईकमधून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"सुलक्षणा," चाची म्हणाली, "चुन्यात हात कुणाचा व्हता?"

आबा खुर्चीतून उठले. "ए, काय चाललंय? धरा रे तिला!" दोन माणसं पुढं सरकली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आबांची म्हातारी आई, कस्तुराबाई, काठी आपटत ओरडली, "संपत! कुणी हात लावायचा न्हाई! सवाष्णीच्या हातात बांगडी हाय. पिचली तर?" माणसं जागच्या जागी थिजली. आबाही. चाची म्हणजे जन्मभर गावाला बांगड्या भरलेली बाई. कुठं हात धरला की साऱ्या गावाचा हात धरला जातो, हे तिला ठाऊक होतं.

सुलक्षणाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कळ असेल, लाज असेल, मला काय करायचंय. त्या म्हणाल्या, "तुझा."

"मला ठाव हाय. ह्यांना सांग."

"शहजादीचा," ताई माईकमध्ये म्हणाल्या. "हात शहजादीचा होता. माझी कातडी जाईल म्हणून मला घातलं नाही. तिची गेली. आमच्या सगळ्यांसमोर गेली."

"बोटं किती व्हती?"

"सहा. आबा, तुम्हालाही माहितीय. सहा होती."

चाचीनं हात अलगद वळवला आणि बांगडी मनगटावर उतरली. तडा नाही, ओरखडा नाही. सुलक्षणाताई रिवाजाप्रमाणं वाकल्या, आणि अध्यक्षांच्या बहिणीनं भर सभेत मणेरणीला नमस्कार केला. चाचीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"आशीर्वाद दिला," ती म्हणाली. "माफी न्हाई दिली. ती मागायला घरी यावं लागंल. तुला बी आन् आबांना बी."

मग ती सार्थककडं वळली. त्याचा चेहरा पडला होता. "बाबा, तू काढलेलं बोट हाय का जपून? का माझ्या सासूसारखं टाकून दिलंस?"

"आहे चाची. ओरिजिनल फाइल आहे."

"मग लाव. पहिल्यापासून."

कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दिवे गेले. चाची स्टेजवरून उतरलीच नाही, पडद्याच्या कडेला उभी राहिली, हात पोटाशी धरून. पांढरं पाणी आलं. एक ठिपका, दोन, मग एकदम सगळे, आणि कडेला तो लहानगा. बेहेरे मास्तरांचा कधीचा जुना आवाज म्हणाला, "पाहा मुलांनो, पाच..."

"सहा!" शाळेची पोरं ओरडली. बायका ओरडल्या. कस्तुराबाईंची काठी आपटली. आणि सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडले, इतकी की दुसऱ्या दिवशी कंपनीत माझा आवाज बसलेला होता.